जुन्या पद्मिनीचं छत बदलताना : पहिल्या मोजमापापासून काचेच्या रबरापर्यंत

मृगाच्या तोंडावर वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं आणि आमच्या परभणीच्या घरामागच्या चिंचेची फांदी आप्पांच्या प्रीमियर पद्मिनीवर आली. गाडी १९८६ ची. फांदी बाजूला ओढल्यावर दिसलं, की छताच्या मधोमध हातभर लांब घडी पडली आहे आणि डाव्या बाजूची पन्हळ आत दबली आहे. गॅरेजात या पन्हळीला गटर म्हणतात. रंग उडाला तिथं खाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, निघाली. पूर्वी कधीतरी कुणीतरी पोचा न काढता नुसती लांबी थापून वर रंग मारला होता, आणि तिच्याखाली पत्रा शांतपणे सडत होता.

छत बदलायचं ठरवलं आणि शोधायला लागलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कापायचं कसं हे सगळे सांगतात, कापण्याआधी काय करायचं हे फार थोडे सांगतात. या कामात वेल्डिंग अवघड आहे, पण गाडी बिघडते ती वेल्डिंगनं नाही. ती बिघडते आधार न देता छत काढल्यानं. म्हणून या लेखात मोजमापाला जास्त जागा दिली आहे.

पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. जमीन, चारही बाजूचे पिलर आणि छत मिळून एक पेटी होते आणि त्या पेटीचं झाकण म्हणजे छत. अॅम्बॅसडरचंही तसंच. जीपसारखी फ्रेमवर बसवलेली बॉडी असती तर छत काढून महिनाभर ठेवलं तरी फारसं बिघडलं नसतं. इथं आधार न देता छत काढलं, की पिलर दोन-चार मिलिमीटर सरकतात. मग दार बसत नाही आणि नव्या काचेला महिनाभरात तडा जातो. तुमची गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी पक्कं करा.

बदलायचं की ठोकून काढायचं

प्रत्येक पोचलेलं छत बदलावं लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा अनेक गाड्यांच्या छतांवर वाटीएवढे पोचे पडले होते. तसे पोचे आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) लावून, वरून हलक्या हातोडीनं निघतात. गोल पोच्यात पत्रा थोडासाच ताणलेला असतो. घडीची गोष्ट वेगळी. तिथं पत्रा मुडपलेला असतो, आणि सरळ करायला गेलं की ताणलेला भाग डबडब वाजायला लागतो.

परीक्षा सोपी आहे. पातळ फडक्यात चुंबक गुंडाळून छतावर फिरवा. तो धरत नाही तिथं खाली लांबी आहे. मग पन्हळीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर हलकेच दाबत जा. तो आत गेला तर तिथला पत्रा संपलेला आहे. पन्हळ दोन-तीन ठिकाणी वीतभर सडली असेल तर तेवढ्याच पट्ट्या बदला, पूर्ण छत कापू नका. घडीही आहे आणि पन्हळही गेली आहे, असं असेल तरच हे काम हाती घ्या.

आमच्याकडच्या छतांचा शत्रू पाऊस कमी आणि कडुनिंब जास्त. त्याची बारीक पानं पन्हळीत साचतात, पावसात भिजतात आणि आठ-आठ दिवस ओली राहतात. पत्रा गंजतो तो त्या ओल्या लगद्याखाली.

दुसरं छत कुठून आणायचं

नवीन छत मिळत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढं पद्मिनी या नावानं निघत होती. तिचं उत्पादन थांबून वीस वर्षांहून जास्त काळ गेला. म्हणजे भंगारातल्या गाडीचं छत हाच खरा मार्ग. सपाट पत्र्यातून छत घडवता येतं, पण या छताला आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी बाक आहे. तसा बाक हातानं एकसारखा आणणारे कारागीर फार थोडे उरले आहेत. जालन्याला स्टीलचे एवढे कारखाने आहेत म्हणून काही जण तिकडं विचारतात. तिथं प्रामुख्यानं सळई होते, गाडीचा पत्रा नाही. जोडपट्ट्यांसाठी लागणारा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याकडं पत्र्याच्या व्यापाऱ्यांकडं मिळतो. आमच्या गाडीचा पत्रा स्क्रू गेजनं मोजला तो ०.९ मिलिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे २० गेज. जस्ताचा मुलामा असलेला जीपी पत्रा मात्र घेऊ नका. वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो आणि ताप येतो.

आम्हाला छत मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळालं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पिवळं छत. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि ती २० वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचं छत घेताना पन्हळीवर डोळा ठेवा. कॅरियरचे क्लॅम्प तिथंच आवळलेले असतात, त्यामुळं पन्हळ बऱ्याचदा वाकलेली मिळते.

भंगारवाल्याला छत काठावर कापू देऊ नका. सहाही पिलर छताखाली सहा-सात इंचांवर कापायला सांगा, म्हणजे पूर्ण टोपी हाती येईल. काठाचे वेल्डिंगचे टाके आपण घरी सावकाश सोडवायचे. ट्रकमध्ये चढवण्याआधी त्या टोपीच्या आत दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोकून घ्या, नाहीतर वाटेत ती पिळते. आणि गाडीचा नंबर लिहिलेलं बिल घ्या. पुढं कुणी विचारलं तर ते लागतं.

गाडी उघडी करणं

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर दूर ठेवा, नुसती रिकामी करून भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक असते. सीटा, गालिचा, ऊन-झडपा, आतला दिवा, आरसा, सगळं बाहेर. पुढची आणि मागची काच काढताना जुन्या रबराचा लोभ धरू नका. कडक झालेलं रबर आतल्या बाजूनं पातीनं कापून काढा. काच वाचली पाहिजे, रबर नवीन येतं.

सीलिंगचं रेक्झिन तारेच्या कमानींवर ओवलेलं असतं. प्रत्येक कमानीची लांबी आणि बाक वेगळा असतो, म्हणून काढताना पुढून मागं १, २, ३ असे आकडे घालून तिकिटं बांधा. बाजू डावी की उजवी तेही लिहा. जुनं रेक्झिन फाटलेलं असलं तरी टाकू नका, नवीन शिवायला तोच नमुना. हे काम घाईत झालं, तर शेवटी कमानी जुळवताना दोन दिवस जातात.

मोजमाप आणि आधार

इथं थांबा. इथून पुढचे दोन दिवस ग्राइंडर हातात घ्यायचा नाही.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर तिच्या चारही चाकांवर उभी हवी. टायरमध्ये हवा सारखी. शहाबादी फरशी असेल तर नळीत पाणी भरून पातळी बघा, जशी बांधकामावरचे मिस्त्री बघतात. पुढं मागं पाव इंचाचा फरक असला तरी चालेल, पण डावं-उजवं सारखं पाहिजे. मग चारही दारं लावा आणि फटी बघा. दाराची वरची फट पुढून मागं सारखी आहे का? दार हलकेच ढकलून लागतं का, की उचलावं लागतं? जे दार आजच नीट लागत नाही त्याची नोंद करा, म्हणजे काम झाल्यावर दोष कशाचा हे कळेल. फांदी पडल्यानं आमच्या मधल्या डाव्या पिलरचा माथा चार मिलिमीटर आत आला होता. ते मोजलं म्हणून समजलं. नाहीतर तसंच वाकडं छत जोडून बसलो असतो.

आता पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं खुणा करा, पेननं नाही. पेन पुसलं जातं. पुढच्या काचेच्या खिडकीच्या चार कोपऱ्यांत, मागच्या काचेच्या चार, प्रत्येक दाराच्या चौकटीत चार, आणि डाव्या-उजव्या मधल्या पिलरच्या माथ्यावर एकेक. मग टेपनं कर्ण मोजा. पुढच्या काचेचे दोन कर्ण, मागच्याचे दोन, डाव्या पिलरपासून उजव्यापर्यंतची रुंदी वर आणि खाली. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी पिळलेली आहे, आणि आधी ती सरळ करावी लागेल. छोटा हायड्रॉलिक जॅक आणि लाकडी ठोकळे घेऊन आम्ही तो पिलर दीड दिवसात बाहेर आणला. थोडं ढकलायचं, जॅक सोडायचा, किती परत आलं ते बघायचं, पुन्हा ढकलायचं. पिलर जॅकवर असताना चार मिलिमीटर सरकला आणि सोडल्यावर दोन परत आले, तर सहा ढकलावं लागतं.

मोजमाप पहाटे करा आणि सावलीत करा. आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशांची दुपार नेहमीची, आणि उन्हातल्या काळ्या पत्र्याला हात लागत नाही एवढा तो तापतो. मीटरभर लोखंड ३० अंश तापलं की तिसऱ्या हिश्श्याएवढा मिलिमीटर वाढतं. आकडा छोटा वाटतो, पण एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल तर कर्ण खोटे येतात. जुनी-नवी मापं एकाच वेळेला घेतलेली असावीत.

मग आधार. एक इंची चौकोनी पाइप घ्या. मधल्या दोन पिलरांमध्ये एक आडवा. पुढच्या पिलरपासून समोरच्या बाजूच्या मधल्या पिलरपर्यंत एकेक तिरपा, म्हणजे फुली तयार होते. प्रत्येक दाराच्या चौकटीतही एक तिरपा. पाइपची टोकं पिलरच्या आतल्या बाजूला, जिथं नंतर पट्टी झाकते तिथं, दोन-दोन टाक्यांनी धरा. सगळे पाइप छताच्या रेषेपासून चार-पाच इंच खाली ठेवा, नाहीतर नवं छत बसवताना आणि आतून क्लॅम्प लावताना तेच आड येतात. आमचा पहिला आडवा पाइप वर लागला होता, तो कापून पुन्हा खाली लावावा लागला. आधार लागल्यावर सगळी मापं पुन्हा घ्या. पाइपचे टाके थंड होताना पिलर आत ओढतात. फरक आला तर आत्ताच सुधारा.

टाके शोधणं आणि कापणं

कारखान्यात छत काठावर स्पॉट वेल्डिंगनं जोडलेलं असतं. पन्हळीतला आणि दोन्ही काचांच्या चौकटींवरचा रंग वायर ब्रशनं काढला, की चवलीपेक्षा लहान गोल खळगे दिसायला लागतात. तेच टाके. प्रत्येकावर पंच मारा आणि ते मोजून ठेवा. जेवढे होते तेवढे तरी परत घालायचे.

रंग घासताना नाकाला चांगला मास्क हवा. जुन्या रंगात शिसं असतं. मागच्या पिलरवर, जिथं छत आणि बाजूचा पत्रा भेटतात, तिथं बहुतेक जुन्या गाड्यांत सांधा शिशा-कथलानं भरलेला सापडतो. तो ग्राइंडरनं कधीही घासू नका. मंद ज्योतीनं मऊ करून लाकडी पट्टीनं खाली ओघळवा आणि तो तुकडा डब्यात बंद करा. पोरं आसपास असतील तर त्यांना त्या दिवशी शेडमध्ये येऊ देऊ नका.

आधी छताचा मधला भाग काठापासून दोन इंच सोडून एक मिलिमीटरच्या कटिंग चाकानं कापून काढा. वजन गेलं की उरलेल्या पट्टीवर काम करणं सोपं जातं. आता आठ मिलिमीटरचा स्पॉट वेल्ड कटर लावून फक्त वरचा पत्रा भोका. खालचा शाबूत राहिला पाहिजे. ड्रिलला हळू फिरवा. चमकदार पत्र्याचा रंग बदलला, तपकिरी गंजाची बारीक रेषा दिसली, की दोन पत्र्यांमधला थर आला, तिथं थांबा. मग पातळ छन्नी आत सरकवून पट्टी उचला.

आणलेल्या टोपीवर मात्र उलट करायचं. तिथं भोक खालच्या बाजूनं, म्हणजे तिच्या जुन्या सांगाड्यातून पाडायचं, कारण तिथं आपल्याला छताची दुमड, म्हणजे काठाची वाकवलेली पट्टी, शाबूत हवी आहे. अनेक जण दोन्हीकडं वरूनच भोकं पाडतात आणि मग नव्या छताची दुमड चाळणी होते.

ग्राइंडरची ठिणगी काचेवर पडली तर ती काचेत रुतते, निघत नाही. उरलेल्या दारांच्या काचा ओल्या गोणपाटानं झाका. दोन बादल्या पाणी, एक वाळू आणि एक अग्निशामक सिलिंडर हाताशी असू द्या, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

सांगाडा आणि पन्हळ

छत निघाल्यावर आतल्या आडव्या पट्ट्या आणि पन्हळीची खालची बाजू पहिल्यांदा दिसते. हे परत कधी उघडं होणार नाही, तेव्हा इथं कसर करू नका. गंज वायर ब्रशनं काढा, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावून पुसा, धुवा, वाळवा, आणि एपॉक्सी प्रायमर मारा. सडलेल्या पन्हळीचे तुकडे सीआर पत्र्यातून वळवून आत्ताच जोडा, छत बसल्यावर नाही. जिथं वेल्डिंग होणार त्या दुमडीवर एपॉक्सी नको, तिथं वेल्डिंग चालतं असं झिंकचं प्रायमर पातळ मारा.

नव्या छताची आतली बाजूही आत्ताच रंगवा. आमच्या पिवळ्या छताच्या आतून जुना नमदा खरवडला तेव्हा खाली सुईच्या टोकाएवढी गंजाची तीन भोकं निघाली. बाहेरून काही दिसत नव्हतं.

आडव्या पट्ट्या छताला वेल्ड करू नका. पट्टी आणि छत यांत दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवून तिथं सीलरचे ठिपके द्यायचे. पट्टी वेल्ड केली तर वरून तिची रेष कायम दिसते, आणि जागा मोकळीच सोडली तर खडकाळ रस्त्यावर छत ढोलासारखं वाजतं.

कोरडं बसवून बघणं

छत तीन-चार वेळा नुसतं ठेवून, क्लॅम्प लावून बघायचं. चार माणसं लागतात. पुढच्या आणि मागच्या दुमडीच्या मध्यावर खूण करा, दोरी ओढून मध्यरेषा जुळवा, मग पकडीनं काठ धरत जा. पकड पुरत नाही तिथं बारीक स्क्रू मारा, ती भोकं नंतर भरता येतात.

आता पुढची काच रबरासकट जागेवर धरून बघा. टेपपेक्षा काच खरं सांगते. एखादा कोपरा उचलला जात असेल तर छत त्या बाजूला पुढं आलेलं आहे. दारं लावा. शेड अंधारी करून आतून बॅटरी मारा, फट कुठं आहे ती बाहेर उभ्या माणसाला दिसते. हे सगळं पटल्यावरच छत उतरवून शाबूत दुमडीवर सहा मिलिमीटरची भोकं पाडा, जुन्या टाक्यांच्याच अंतरानं, आणि पुन्हा बसवा. हीच भोकं वेल्डिंगनं भरली की टाके होतात.

वेल्डिंग

गॅसची ज्योत इथं नको. पितळ लावून जोडायची जुनी रीत मजबूत आहे, पण एवढ्या मोठ्या, पातळ पत्र्याला ती फार उष्णता देते. सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेनं होणारं) घ्या, ०.८ मिलिमीटरची तार, आणि जमलं तर नुसत्या सीओटूऐवजी आर्गॉन मिसळलेला वायू. त्यानं ठिणग्या कमी उडतात आणि पातळ पत्रा कमी जळतो.

आधी कापलेल्या जुन्या छताच्या दोन पट्ट्यांवर सराव करा. भोक भरा, थंड होऊ द्या, मग पट्ट्या पकडीनं फाडून वेगळ्या करा. खालच्या पट्टीतून गोल तुकडा फाटून वरच्या पट्टीबरोबर निघून आला, तर टाका पक्का. नुसता सुटून आला तर करंट कमी आहे. आमच्याकडं शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि सकाळी पक्का बसणारा टाका त्याच मापावर दुपारी वरवर बसतो. वेळ बदलली की पट्टीची परीक्षा पुन्हा घ्या.

आणि कूलर बंद करा. उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लागतोच, पण त्याचा वारा वेल्डिंगचा वायू उडवून लावतो आणि टाका जाळीदार, पोकळ होतो. दार-खिडक्याही वाऱ्याच्या बाजूच्या लावून घ्या.

टाक्यांचा क्रम असा : पुढच्या दुमडीच्या मध्यावर एक, मागच्या दुमडीच्या मध्यावर एक. मग डाव्या पन्हळीच्या मध्यावर, मग उजव्या. तिथून पुन्हा पुढं, पहिल्या टाक्यापासून वीतभर डावीकडं, मग मागं वीतभर उजवीकडं. असं फिरत, मध्याकडून कोपऱ्यांकडं. शेजारशेजारचे दोन टाके लागोपाठ कधीही नाहीत. दहा टाके झाले की थांबून हात लावा. हात ठेवता येत नसेल तर चहा प्यायला जा. पाणी किंवा ओलं फडकं मारून थंड करू नका, पत्रा आक्रसतो.

आमच्या बरोबर काम करणारे चाचा चाळीस वर्षं पत्र्याचं काम करत आलेले. मी घाई करायला लागलो की ते म्हणायचे, "नक्को, इत्ता जल्दी नक्को. पत्रा गरम हुआ तो रूठ जाता." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट जाणार म्हणून मागच्या उजव्या कोपऱ्यात आम्ही चार टाके सलग मारले. सकाळी बघतो तर तिथं पत्र्याला लाट आलेली. चाचांनी ते चारही टाके ड्रिलनं काढले, लाटेच्या माथ्यावर नाण्याएवढा ठिपका लाल केला, खाली डॉली धरून लाकडी हातोडीनं बसवला आणि तापलेला पत्रा आपोआप गार होऊन आक्रसू दिला. तीन ठिपक्यांत लाट गेली. मग टाके पुन्हा, या वेळी एक दिवसाचं अंतर ठेवून. चार टाक्यांची घाई आम्हाला दोन दिवसांना पडली.

मागच्या पिलरचा सांधा शेवटी. तिथं पत्रा पत्र्याला टोकाशी टोक भिडतो. अर्धा-अर्धा इंचाचे टाके, लांब लांब अंतरावर, आणि मधल्या जागा नंतर एकेक करून भरायच्या. टाके घासायला ८० नंबरची फ्लॅप डिस्क वापरा. पत्रा निळा पडला तर तुम्ही जोरात दाबताय.

टाके घासून झाले, मापं जुळली, दारं लागली, मगच आधाराचे पाइप कापा. पाइप काढताना कुठं टणकन आवाज आला, तर आत ताण अडकलेला होता. पुन्हा मोजा.

सीलर, लांबी, रंग

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. पन्हळीत पॉलियुरेथेनचं सीम सीलर, बोटानं दाबून पसरवलेलं. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. पन्हळीची खाली उतरणारी टोकं मोकळी ठेवा, पाणी तिथूनच जातं. सीलर वाळल्यावर पन्हळीत तांब्यातांब्यानं पाणी ओतून आतून बघा. ही परीक्षा आत्ताच, कारण रंगानंतर आधी सीलिंग बसतं आणि मग काच. सीलिंग चढल्यावर गळती कुठून आहे हे शोधणं फार अवघड.

लांबीचा थर दोन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. लांब लाकडी पट्टीवर पॉलिशपेपर लावून, दोन्ही तिरप्या दिशांनी घासा. छत हा गाडीचा सगळ्यात मोठा सलग पत्रा, उन्हात उभं राहिलं की त्यावरची प्रत्येक लाट दिसते.

रंगासाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. मे महिन्यात धुळीची वावटळ आणि श्रावणात दमट हवा, दोन्ही नको. फरशीवर पाणी मारून धूळ बसवा. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातली वाफ फुप्फुसाला धोक्याची आहे, त्यासाठी फिल्टरचा मास्क लागतो, रुमालानं काही होत नाही.

सीलिंग आणि काच

छताला आतून पातळ नमदा किंवा उष्णतारोधक फोम चिकटवा. डांबरी शीट आमच्या उन्हाळ्यात मऊ होऊन लोंबते. सीलिंगचं रेक्झिन तासभर उन्हात पसरून ठेवा, मऊ झालं की कमानींवर ओवा आणि आकड्यांप्रमाणे मागून पुढं बसवत या. कडा मध्यापासून दोन्ही बाजूंना ताणून चिकटवा.

काचेला आधी रबर चढवा. रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी पूर्ण फेरा मारून बसवा, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडा. चौकटीवर साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून तळहातांनी काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी चौकटीकडं काटकोनात ओढायची. रबराची ओठी आपोआप दुमडीवर चढते. ठोकायचं नाही, हत्यारानं रेटायचं नाही. काच अडली तर ती बाहेर काढा आणि का अडली ते बघा.

कागदपत्रं

छत पूर्वीच्याच आकाराचं आणि त्याच मॉडेलचं असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही, म्हणून सनरूफसाठी छत कापायचा विचार मनातून काढा. गाडीचा रंग बदलत असाल तर आरटीओत आरसी बुकावर तशी नोंद करून घ्यावी लागते. कापण्याआधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो, भंगारवाल्याचं बिल, मजुरीची पावती एका फायलीत ठेवा. दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासली जाते, तेव्हा ती उपयोगी पडते.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आणले, ज्यात नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. तुमची गाडी त्या वयाची असेल तर छत कापण्याआधी आरटीओत जाऊन बोला. आमची २०३६ मध्ये पन्नाशीला येईल, तोवर फाइल आप्पांच्या कपाटात आहे.

नव्या छतावर पहिले तीन महिने कॅरियर लावू नका आणि मेणाचं पॉलिशही करू नका, रंग आतून वाळायला वेळ घेतो. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर दर पंधरा दिवसांनी पन्हळीतून मऊ ब्रश फिरवा, आणि मृग लागण्याआधी एकदा तांब्याभर पाणी ओतून चारही टोकांतून ते खाली पडतं का बघा.